हेमांगीची हट्टी संख्या

आकडा दिसला की हेमांगी तो फोडून बघायची. बसचा नंबर असो, दुकानातलं बिल असो, लिफ्टमधला मजला असो. म्हाताऱ्या बायका पोथी वाचताना ओठ हलवतात तसे तिचे ओठ हलायचे आणि मग ती म्हणायची, "फुटला." नाही फुटला तर बोलायची नाही, नुसती खूश व्हायची. ऑफिसला, म्हणजे वन-नॉर्थ भागातल्या संशोधन संस्थेत, जायला तिला १९६ नंबरची बस. त्या नंबरावर तिचा राग. मला म्हणायची, "चौदा गुणिले चौदा, आप्पा. किती तुकडे पडावेत एखादीचे!" मागून १९७, न फुटणारी, आली की तिला हात करायची. थांबवायला नाही, ओळखीच्या माणसाला करतात तसा. ड्रायव्हर बिचारा बस थांबवायचा. मग ही त्याला वाकून सॉरी म्हणायची.

मी सातवी नापास. चिंचवडला पिठाची गिरणी चालवली, आयुष्यभर तेवढंच केलं. मालती, माझी बायको, गेली. मग संजयने, माझ्या मुलाने, गिरणी दुसऱ्याला चालवायला दिली आणि मला सिंगापूरला उचलून आणलं. दोन हजार पंधराच्या आसपासची गोष्ट. संजय तांजोंग पगारला बँकेत, सून केतकी पण नोकरीला. मरीन परेडला अकराव्या मजल्यावर त्यांचा भाड्याचा फ्लॅट. दिवसभर घरात मी आणि खिडकीत समुद्र. समुद्र तरी किती वेळ बघणार? त्यात जहाजं उभी असतात, तीपण हलत नाहीत.

म्हणून मी दाराबाहेर गॅलरीत खुर्ची टाकून बसायचो. तिथे ती पहिल्यांदा दिसली. शेजारच्या फ्लॅटमध्ये एका चिनी म्हातारीकडे खोली घेऊन राहायची. चाळिशीला टेकलेली, आखूड केस, खांद्याला भली मोठी पिशवी. माझ्याकडे तिने बघितलंच नाही. माझ्या डोक्यावरच्या पाटीकडे बघितलं आणि पुटपुटली, "एकशे एकवीस. अकरा गुणिले अकरा. फुटतं."

"काय फुटतं?" मी म्हणालो.

"अय्या, मराठी! तुमच्या घराचा नंबर हो. फुटतो. माझा पण फुटतो, एकशे तेवीस. तीन गुणिले एक्केचाळीस. जरा पुढे एकशे सत्तावीस मिळाला असता ना, तर सोन्यासारखा होता."

"आमचं घरच फुटलंय. बायको गेली चैत्रात."

ती थांबली. पिशवी खाली ठेवली. म्हणाली, "ह्यावर काय बोलायचं मला माहीत नाही. चहा घेता का?"

तोपर्यंत मला भेटायला आलेल्या प्रत्येकाला काही ना काही माहीत होतं. ती सुटली हे माहीत होतं, तिचा आत्मा कुठे आहे ते माहीत होतं, मला कधी बरं वाटेल तेही माहीत होतं. काहीच माहीत नसलेली ही पहिली. मी चहा घेतला. चहा भिकार होता, तेही मी सांगितलं. तेव्हापासून आमचं जमलं.

"माहीत नाही" हे तिचं पेटंट वाक्य. आणि ते ती कशी म्हणायची, तर लोक "पेढे घ्या" म्हणतात तशी. पाऊस येईल का? माहीत नाही. किती वाजले असतील? माहीत नाही, घड्याळ आत आहे. अंदाजाने सांग की! "अंदाजाने कशाला, आत जाऊन बघून येते." आणि खरंच बघून यायची. केतकीने एकदा हौसेने पुरणपोळ्या केल्या आणि ताट वाढतानाच विचारलं, "कशी झालीय?" ही म्हणाली, "अजून खाल्ली नाही." मग दोन खाल्ल्या, तिसरी अर्धी खाल्ली आणि तोंड पुसून म्हणाली, "चांगली आहे." केतकी तोपर्यंत विचारलेलं विसरून गेली होती.

तिची आई कोथरूडला. पोरगी काय करते असं कोणी विचारलं की "कॉम्प्युटरमध्ये आहे" म्हणून मोकळी व्हायची. मी तिलाच विचारलं. ती म्हणाली, "मूळ संख्या शोधते. जिला कशानेच भाग जात नाही, एक आणि ती स्वतः सोडून, अशी संख्या."

"शोधतात कशा?"

"चाळायच्या. सगळ्या संख्या चाळणीत घ्यायच्या. दोनने भाग जाणाऱ्या गाळल्या, मग तीनने जाणाऱ्या, मग पाचने, मग सातने. चाळत राहायचं. शेवटी वर राहतात त्या आपल्या."

मी गिरणीवाला. मी म्हणालो, "बाई, चाळणीत वर राहतो तो कोंडा. तो आम्ही गाईला घालायचो."

ती एवढी हसली, एवढी हसली, की शेजारची चिनी म्हातारी दार उघडून बघायला आली. "आप्पा," ती म्हणाली, "आमच्या गिरणीत कोंड्यालाच भाव आहे. पीठ फेकून देतो आम्ही."

तिची स्वतःची एक संख्या होती. कित्येक हजार आकडी. कागदावर छापली असती तर आमच्या दारापासून लिफ्टपर्यंत फरशी झाकली असती. आणि नवल काय, तर उजवीकडून वाचा नाही तर डावीकडून वाचा, तीच. शोधायला तिला दोन वर्षं लागली होती.

"असल्या उलट्या-सुलट्या संख्या मी बसल्या बसल्या सांगतो," मी म्हणालो. "बाराशे एकवीस."

"अकराने भाग जातो."

"चार पाच पाच चार."

"अकराने."

"सात तीन तीन सात?"

"अकराने, आप्पा. आकडे मोजून सम भरले, चार असोत, सहा असोत, आठ असोत, आणि दोन्हीकडून सारखं वाचता येत असलं, तर अकरा सोडतच नाही. अकरा स्वतः तेवढा सुटतो. म्हणून माझ्या संख्येत आकडे मोजून विषम आहेत. बरोब्बर मध्ये एक एकटा बसलाय."

मला ते पटेना. केतकीचा कॅल्क्युलेटर घेतला आणि तिला खोटं पाडायला बसलो. चार आकडी झाले, सहा आकडी झाले, आठ आकडी करून बघितले. दर वेळी अकराने सपशेल भाग जायचा, एक दाणा मागे राहायचा नाही. मान वर केली तर संजय कामावरून परत आलेला. मालती गेल्यापासून ती पहिली दुपार, जी कशी गेली ते मला कळलं नाही.

केतकी मनाने चांगली, पण पुस्तकं वाचते. एकदा जेवताना ती म्हणाली, "मूळ संख्या किती एकट्या असतात ना, ताई?" आणि हळूच माझ्याकडे बघितलं. मला पुढचं सगळं दिसलं. आता सहानुभूती येणार. हेमांगी घास चावत म्हणाली, "संख्यांना काही वाटत नाही गं. एकटे आप्पा आहेत." आणि मला म्हणाली, "आमटी सरकवा." मी आमटी सरकवली. मला त्या दिवशी जेवण गेलं.

खालच्या हॉकर सेंटरमध्ये, त्या खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, कोपी, म्हणजे तिथली घट्ट कॉफी, विकणारा एक चिनी म्हातारा होता. त्याला चार आकडी लॉटरीचा नाद. ही आकड्यांची प्रोफेसर आहे असं त्याला कळलं आणि तो रोज हिच्या मागे लागला, तिथल्या रीतीने वाक्याला 'लाह'चं शेपूट लावून. "प्रोफेसर, गिव्ह मी वन नंबर लाह!"

"अंकल, ऑल नंबर्स सेम चान्स."

"सेम चान्स, देन गिव्ह एनी वन लाह!"

तिने विचार करून त्याला दिला ७३९३. आणि मग ज्याने विचारलं नाही त्याला समजावत बसायची तिची सवय. हा मूळ आहे. मागचा आकडा काढा, ७३९, तोही मूळ. आणखी काढा, ७३, मूळ. आणखी काढा, ७, तोही मूळ. मागून कितीही तोडा, उरतो तो न फुटणारा. आणि पुढे वाढवत नेला तर आठ आकड्यांपर्यंत जातो, ७३९३९१३३. ह्या जातीतला सगळ्यांत मोठा तोच, त्यापुढे एकही नाही.

म्हाताऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि तोंड वाकडं केलं. "नो एट इनसाइड" म्हणाला. चिनी माणसाचा शुभ आकडा आठ, तो नाही तर लक्ष्मी कुठून येणार? त्याने शेवटचा तीन खोडून आठ केला आणि तिकीट काढलं. आणि त्याला छोटं का होईना, बक्षीस लागलं! आम्हां दोघांना कोपी फुकट. तो नाचत होता आणि ही कपाकडे बघत कष्टी. "पण आप्पा, त्याला दोनने भाग जातो हो," म्हणत होती.

आता त्या मोठ्या संख्येचं दुखणं सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

एवढ्या मोठ्या संख्येला एकेकाने भागून बघायला जग पुरणार नाही. म्हणून तिला कसोट्या लावतात. हिची संख्या सगळ्या कसोट्यांना उतरली होती. पण कसोटीला उतरणारे काही चोरही असतात. पाचशे एकसष्ट असाच. एका जुन्या कसोटीत तो मूळ संख्येसारखा साळसूद वागतो, आणि आत बघावं तर तीन, अकरा आणि सतरा लपलेत. म्हणून कसोटीला उतरली तरी संख्येला मूळ म्हणायचं नाही, 'बहुधा मूळ' म्हणायचं. मूळ म्हणायचं तर सिद्ध करायला हवं. काही संख्यांची बांधणी अशी असते की ते सोपं जातं. हिची हट्टी. संस्थेतले कॉम्प्युटर रात्रंदिवस त्याच कामाला लावलेले, आणि कधी संपेल ते सांगता येत नव्हतं.

इकडे तिचा करार डिसेंबरात संपत होता. करार संपला की पास, म्हणजे तिथे राहायचा परवाना, संपला, पास संपला की सिंगापूर संपलं. मूळ संख्या सापडली म्हणून जाहीर झालं असतं तर करार वाढला असता. तिचा साहेब तिला सांगत होता, "मूळ आहे म्हणून लिहून टाक. सिद्ध काय, पुढे होईलच. कोण भागायला बसलंय?" ही लिहीत नव्हती.

त्यात गणपती आले आणि आमच्या मंडळाने तिचा सत्कार ठरवला.

मराठी माणूस कुठेही गेला तरी दोन गोष्टी सोडत नाही, मंडळ आणि सत्कार. मंडळाचे सेक्रेटरी कुलकर्णी, कंपनीत मॅनेजर, उत्साही गृहस्थ. संजयने त्यांना लिफ्टमध्ये अर्धवट काहीतरी सांगितलं आणि त्यांनी थेट बॅनर छापला. हॉलमध्ये शिरलो तर गणपतीच्या शेजारी हे एवढं मोठं: 'जगातील सर्वांत मोठी मूळ संख्या शोधणाऱ्या डॉ. हेमांगी ढवळे यांचा भव्य सत्कार.'

हेमांगीने वाचलं आणि ती जागच्या जागी उभी राहिली.

"कुलकर्णी, हे चुकलंय."

"स्पेलिंग?"

"सगळंच. सर्वांत मोठी मूळ संख्या नसतेच. कितीही मोठी आणा, तिच्यापुढे आणखी मोठी असतेच. हे दोन हजार वर्षांपूर्वीच सिद्ध झालंय."

"बरं, मग आजपर्यंत सापडलेल्यांत सर्वांत मोठी."

"कोटीच्या वर आकड्यांच्या सापडल्यात हो. माझी त्यांच्यापुढे लेकरू आहे."

"भारतीयांत?"

"माहीत नाही."

"निदान मराठी माणसाने शोधलेली?" कुलकर्णींचा आवाज रडवेला झाला. "ताई, दीडशे लोक आलेत. आळूवडी गार होतेय."

"आणि ती मूळ आहे हेसुद्धा अजून ठरलेलं नाही," हेमांगी म्हणाली.

कुलकर्णी खुर्चीवर बसले.

तरी तिला स्टेजवर नेलीच. शाल आली, श्रीफळ आलं, माइक आला. ती माइकमध्ये म्हणाली, "नमस्कार. माझी संख्या मूळ आहे असं मला वाटतं. पण मला माहीत नाही." हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. मागून एक जण ओरडला, "नव्याण्णव टक्के तरी?"

"त्याहून पुष्कळ जास्त. पण जास्त म्हणजे पूर्ण नाही."

"मग झालंच की! आम्ही ऑफिसात साठ टक्क्यांवर प्रोजेक्ट देतो!"

सगळे हसले, तीही हसली. कुलकर्णी तिच्या कानात म्हणाले, पण माइक चालू होता, "ताई, शाल घ्या तरी." ती म्हणाली, "नारळ घेते. नारळाची चटणी होते. शाल राहू दे, सिद्ध झालं की घेईन. नाही झालं तर दुसऱ्या कोणाला उपयोगी पडेल." आणि नारळ काखेत मारून खाली उतरली आणि आळूवडीच्या रांगेत उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी मी तिला हॉकर सेंटरमध्ये गाठलं. मला राग आला होता. पोरगी नोकरी घालवायला निघाली होती, आणि कशावरून, तर एका शब्दावरून. मी सरळ म्हणालो, "तू मूर्ख आहेस. मूळ आहे म्हणून सांगायचं आणि मोकळं व्हायचं. तुझा साहेब सांगतोय, अख्खं मंडळ टाळकं फोडून घेतंय. कोणाला कळणार आहे?"

ती चिडली नाही. कोपीत चमचा फिरवत म्हणाली, "आप्पा, गिरणीत उपवासाचं दळण यायचं?"

"यायचं की. चतुर्थीच्या आधी रांग लागायची भाजणीची."

"आणि त्याआधी गहू दळलेला असला तर?"

"झाडून घ्यायचो. वर पसाभर वरी टाकून फिरवायची, ते पीठ बाजूला काढायचं, मग त्यांची भाजणी टाकायची. नाही तर गव्हाचं पीठ लागतं ना त्याला."

"नुसतंच टाकलं असतंत तर? चिमूटभर गहू गेला असता. कोणाला कळलं असतं?"

"कोणाला नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी पण हट्टी, आधी कोपीचा घोट घेतला. मग म्हणालो, "मालतीला कळलं असतं. ती तिथेच बसायची, डबे घ्यायला."

"झालं तर मग," हेमांगी म्हणाली आणि उरलेली कोपी एका घोटात संपवली.

मालतीचं नाव मी तिथे पहिल्यांदा दुसऱ्या कोणापुढे सहज घेतलं. रडू आलं नाही. वरीचा वास तेवढा आला.

पुढे काही झालं नाही. म्हणजे जे व्हायला नको तेच झालं. कॉम्प्युटर फिरत राहिले, ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला. रोज संध्याकाळी मी गॅलरीतून विचारायचो, "झालं का?" आणि ती लिफ्टमधून बाहेर येता येता मान हलवायची. डिसेंबरात करार संपला. साहेबाने हात वर केले. तिच्या बरोबरच्या एका पोराने कॉम्प्युटर चालू ठेवायचं कबूल केलं, एवढंच काय ते मिळालं. तिने खोली सोडली. मला तिच्यापेक्षा जास्त राग. ती आपली वर्तमानपत्रात कप गुंडाळत होती आणि पानांचे नंबर फोडत होती.

"वाईट नाही वाटत तुला?" मी विचारलं.

"वाटतं की," ती म्हणाली. "खूप वाटतं. हा कप घ्या, टवका उडालाय, पण पक्का आहे."

आता ती पुण्यात एका कॉलेजात शिकवते. फोन करते अधूनमधून, चहा अजून तसाच करते असं तिची आई सांगते. पण मला ती आठवते ती चांगी विमानतळावरची.

संजय आणि मी सोडायला गेलो होतो. तिथे आत जायचं दार असतं आणि बाजूला ही मोठी काच. आत गेलेलं माणूस तपासणीपर्यंत जाताना दिसतं. ती आत गेली, आम्ही काचेला लागून उभे. थोडं चालली आणि पिशवीत हात घालून फोन काढला. कोणीतरी फोन केला होता. ती ऐकत होती. बोलत नव्हती, नुसती ऐकत होती. मग तिने पिशवी सोडून दिली आणि होती तिथे, भर रस्त्यात, फतकल मारून खाली बसली. लोक तिला वळसा घालून जायला लागले.

"काय झालं हिला?" मी म्हणालो. मला वाटलं, कोथरूडहून काहीतरी वाईट कळलं.

तेवढ्यात संजयचा फोन वाजला. तिचाच मेसेज. बसल्या बसल्या पाठवलेला. संजयने मोठ्याने वाचला: "आप्पांना सांग. सिद्ध झाली. मूळ आहे."

"आत्ता?" संजय म्हणाला. "बाबा, आत्ता काय उपयोग? पास रद्द झाला, नोकरी गेली. दोन आठवडे आधी झालं असतं तर..."

"गप्प बस," मी म्हणालो आणि टाळ्या वाजवायला लागलो. विमानतळावर असं कोणी करत नाही. लोक बघत होते, संजय माझा हात धरत होता. मी वाजवत राहिलो. काच जाड, तिला ऐकू जाणं शक्यच नव्हतं.

ती उठली. ओढणीने तोंड पुसलं, पिशवी उचलली, आणि इतकी आनंदात होती की तरातरा उलट्याच दिशेला निघाली. तिथल्या गणवेशातल्या एका बाईने तिला दंडाला धरून वळवलं आणि तपासणीकडे नेऊ लागली. हेमांगी तिच्याबरोबर चालत होती आणि तिला काहीतरी सांगत होती. हात आधी डावीकडून उजवीकडे न्यायची, मग उजवीकडून डावीकडे. ती बाई एकदा थांबली, मान तिरकी करून तिने नीट ऐकून घेतलं, आणि मग दोघी वळणाआड गेल्या.